‘अग्र’ आणि ‘पृष्ठ’ : पाण्याच्या विद्युत् अपघटनाच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

‘इलेक्ट्रोड’ ह्या शब्दासाठी मराठीत ‘विद्युत् अग्र’ हा प्रतिशब्द रूढ आहे. त्याच्याच जोडीने ‘ॲनोड’ला ‘धनाग्र’ आणि ‘कॅथोड’ला ‘ऋणाग्र’ असे म्हटले जाते. हे शब्द शालेय पाठ्यपुस्तकांतून विद्यार्थ्यांच्या तोंडी बसले आहेत. विश्वकोशानेही ‘अग्र’ पत्करले आहे. उच्चारास ते जड नाहीत आणि समासाच्या दृष्टीने निर्दोष आहेत. अशा शब्दांवर आक्षेप घेणे म्हणजे निष्कारण खोडी काढणे असे प्रथमदर्शनी वाटेल. तथापि शब्दाची घडण निर्दोष असणे आणि शब्द वस्तूशी प्रामाणिक असणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत. अल्कली द्रावणातील पाण्याचे विद्युत् अपघटन करून हायड्रोजन मिळविण्याच्या विषयात ‘अग्र’ हा शब्द नेमकी तीच गोष्ट झाकतो, की जी ह्या विषयातील संशोधनाचा गाभा आहे.

हा प्रश्न आज उपस्थित करण्यास निमित्तही आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन निर्माण करण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानेही ह्या विषयाचे स्वतंत्र धोरण स्वीकारले. आजवर शालेय रसायनशास्त्राच्या एका पानात मावणारा हा विषय त्यामुळे शासकीय टिपणांत, वृत्तपत्रांत आणि तंत्रशिक्षणाच्या वर्गांत येऊन पोचला आहे. एका पानापुरती जी परिभाषा खपून गेली, ती ह्या विस्ताराला पुरते किंवा नाही, हे पाहिले पाहिजे.

प्रथम ‘अग्र’ ह्या कल्पनेच्या मुळाशी जाऊ. १८०० साली व्होल्टाच्या विद्युत्-राशीची वार्ता लंडनमध्ये पोचताच विल्यम निकल्सन आणि अँथनी कार्लाइल ह्या दोघांनी त्या राशीला जोडलेल्या दोन तारांची टोके पाण्यात बुडविली. पितळेच्या तारा घेतल्या तेव्हा एका टोकाशी हायड्रोजनचे बुडबुडे दिसले, दुसऱ्या टोकाची तार मात्र ऑक्सिजनशी संयोग पावून काळवंडली. प्लॅटिनमच्या तारा घेतल्यावर दोन्ही टोकांशी वायू निघू लागले. ज्या प्रयोगात पाणी बॅटरीच्या साहाय्याने प्रथम दुभंगले, त्या प्रयोगात खरोखरच तारेचे ‘अग्र’ होते. ज्या कोणी मराठीत हा शब्द योजला, त्याच्या डोळ्यांसमोर हेच चित्र असावे. शाळेच्या प्रयोगशाळेतील दोन नळ्या, दोन टोके आणि दोन बाजूंनी वर चढणारे बुडबुडे ह्या चित्राशी शब्द जुळतो, ह्यात शंका नाही.

परंतु ‘इलेक्ट्रोड’ हा शब्द ह्या चित्रातून निघालेला नाही, किंबहुना ह्या चित्राविरुद्ध केलेल्या बंडातून तो निघाला आहे. फॅरडेच्या पूर्वी तारेच्या अशा टोकास ‘पोल’, म्हणजे ध्रुव, म्हणत. ध्रुव म्हटले की लोहचुंबक आठवतो, आणि मग ध्रुव पाण्यातील घटक आपल्याकडे ओढून घेतो अशी समजूत आपोआपच होते. ही समजूत फॅरडेस मान्य नव्हती. १८३४ साली त्याने ‘पोल’ हा शब्द टाकून दिला आणि केंब्रिजचा विद्वान विल्यम ह्यूएल ह्याच्याशी पत्रव्यवहार करून नवी परिभाषा सिद्ध केली. ‘इलेक्ट्रोड’ म्हणजे काय हे सांगताना त्याने प्रथम तो एक पदार्थ असल्याचे म्हटले आणि लागलीच स्वतःस सुधारून, खरे पाहता ते पृष्ठ होय, असे स्पष्ट केले. हे पृष्ठ धातूचे असो, पाण्याचे असो, हवेचे देखील असो. अपघटन पावणाऱ्या द्रव्याची विद्युत्प्रवाहाच्या दिशेतील सीमा म्हणजे इलेक्ट्रोड. शब्दाचा उत्तरार्ध ग्रीक ‘होडोस्’ म्हणजे वाट. वीज ज्या वाटेने द्रावणात येते व जाते, ती वाट. ह्या व्याख्येत टोक कोठेही नाही, आकर्षण नाही, वस्तूचा आकारही नाही. अर्थात् मराठीने जो प्रतिशब्द स्वीकारला, त्याने फॅरडेने हेतुपुरस्सर बाहेर काढलेला ध्रुव ‘अग्र’ ह्या नावाने पुन्हा घरात घेतला आहे.

हा केवळ शब्देतिहासाचा वाद असता तर तो दप्तरी ठेवण्यास हरकत नव्हती. गेल्या शतकातील तंत्रविद्येची वाटचाल मात्र फॅरडेच्या त्या ‘पृष्ठ’ ह्या शब्दाचाच विस्तार आहे.

ही पद्धती काही नवी नव्हे. नॉर्वेत व्हेमॉर्क येथे जलविद्युत् वापरून १९२९ पासून मोठ्या प्रमाणावर असा हायड्रोजन काढला जात असे, आणि पुढे पंजाबात नांगल येथेही खतासाठी तीच पद्धती अवलंबिली गेली. साधारणतः २५ ते ३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड असलेले पाणी, ६० ते ९० अंश सेल्सिअस तपमान, मध्ये वायू मिसळू न देणारा पडदा आणि पडद्याच्या दोन्ही अंगांस निकेलची किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची जाळी, असा घटाचा थाट असतो. साध्या तपमानाला पाणी दुभंगण्यास निदान १.२३ व्होल्ट लागतात. लागणारी उष्णताही विजेतूनच द्यावयाची तर १.४८ व्होल्ट लागतात. प्रत्यक्ष कारखान्यातील घट मात्र १.८ ते २.४ व्होल्ट घेतो. हा फरक म्हणजे खर्च होय. एक किलो हायड्रोजन मिळविण्यास जेवढा विद्युत्भार वाहावा लागतो, तो फॅरडेच्याच नियमाने ठरलेला आहे. त्यात कोणालाही सूट नाही. त्या हिशेबाने घटाच्या प्रत्येक व्होल्टामागे किलोला सुमारे २६.६ युनिट वीज पडते. घट २ व्होल्टांवर चालला तर किलोमागे ५३ युनिटे. एकदशांश व्होल्ट वाचला तर अडीच युनिटांहून अधिक बचत. ‘कार्यक्षम इलेक्ट्रोड’ ह्या पदाचा सारा अर्थ ह्या दशांशात आहे.

हा दशांश वाचावा कसा? यूलियस टाफेलने १९०५ साली दाखवून दिले, की जादा लागणारे व्होल्ट हे पृष्ठाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरावर पडणाऱ्या प्रवाहाच्या लॉगरिथमाबरोबर वाढतात. गुळगुळीत निकेलवर हायड्रोजन काढताना प्रवाह दसपट केला तर सुमारे ०.१२ व्होल्ट अधिक मोजावे लागतात. हेच उलट वाचावे. पत्र्याची लांबी-रुंदी तीच ठेवून त्याचे खरे पृष्ठ दसपट केले, तर प्रत्येक बिंदूवरचा प्रवाह एकदशांश होतो आणि तेवढेच ०.१२ व्होल्ट, म्हणजे किलोमागे तीन युनिटांहून थोडी अधिक वीज, वाचते. निदान गणितात वाचते. बुडबुडे छिद्रांत अडकतात, आतील भागापर्यंत प्रवाह पोचत नाही, आणि प्रत्यक्षातील बचत त्याहून कमी भरते. तरीही दिशा हीच.

पृष्ठ वाढविण्याचा सर्वांत यशस्वी उपाय अनपेक्षित ठिकाणाहून आला. मरी रेनी हा अमेरिकन अभियंता तेले घट्ट करण्याच्या धंद्यासाठी उत्प्रेरक शोधीत होता. १९२७ साली त्याने निकेल व ॲल्युमिनियम ह्यांचा मिश्रधातू करून तो दाहक सोड्याच्या द्रावणात टाकण्याची युक्ती पेटंटाने जाहीर केली. ॲल्युमिनियम विरघळून निघून जाते आणि मागे मधाच्या पोळ्यासारखे निकेल राहते. एका ग्रॅमाचे एकूण पृष्ठ पन्नास चौरस मीटरांहूनही अधिक भरू शकते. वनस्पती तुपाच्या कारखान्यातील ही भुकटी पुढे एडुआर्ड युस्टी ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रोडांत आणली. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रानेही आपल्या अल्कली घटांसाठी सच्छिद्र निकेलचे इलेक्ट्रोड विकसित केले. ह्या सर्व प्रयत्नांत वस्तूचे टोक कोठे आहे, हा प्रश्नच संभवत नाही. जाळीला टोक नसते, फेसाला टोक नसते. नवख्या वाचकाला ‘सच्छिद्र अग्र’ म्हटले तर सुईला भोक पाडल्याचे चित्र दिसेल.

ऑक्सिजनच्या बाजूची हकिकत तर अधिकच बोलकी आहे. तेथे निकेल धातू म्हणून उघडा राहतच नाही. त्यावर हायड्रॉक्साइडाचा व ऑक्सिहायड्रॉक्साइडाचा थर चढतो, आणि ऑक्सिजन सुटतो तो त्या थरावर. १९८७ साली कॉरिगनने असे दाखविले, की द्रावणात अत्यल्प लोह असले तरी तो थर ते शोषून घेतो आणि ऑक्सिजन सुटण्याचे काम कितीतरी सुलभ होते. ज्याला अशुद्धी समजावे, तेच कामाचे निघाले. निकेल-लोहाच्या थरांवर आज जे विपुल संशोधन चालू आहे, त्याच्या मुळाशी हे निरीक्षण आहे. इलेक्ट्रोड हा घटात ठेवलेला धातूचा तुकडा नसून धातू व द्रावण ह्यांनी मिळून घडविलेले पृष्ठ होय, हे फॅरडेचे म्हणणे येथे अक्षरशः खरे ठरते.

ह्या ठिकाणी संस्कृतातील एक गंमत नोंदविण्यासारखी आहे. ‘अग्र’ म्हणजे पुढचा भाग, आणि ‘पृष्ठ’ म्हणजे पाठ. मूळ अर्थांनी हे शब्द परस्परविरोधी होत. आजच्या घटांत जाळी पडद्याला अगदी चिकटवून बसवितात, म्हणजे दोन जाळ्यांमध्ये द्रावणाचे अंतर उरत नाही व तेवढा विरोध वाचतो. मग वायू जातो कोठून? जाळीच्या मागील अंगाने. काम समोर, सुटका पाठीमागून. ‘अग्र’ म्हटल्याने ह्या रचनेचा अर्धा भाग दृष्टीआड होतो.

आता ‘धन’ आणि ‘ऋण’ ह्यांकडे वळू. येथील दोष ‘अग्र’ ह्या दोषापेक्षा गंभीर आहे, कारण तो चित्राचा नसून विधानाचा आहे. ह्यूएलने सुचविलेल्या ‘ॲनोड’ व ‘कॅथोड’ ह्या शब्दांत विद्युत्भाराचा उल्लेख मुद्दाम टाळलेला आहे. पृथ्वीचे चुंबकत्व जर प्रवाहामुळे असेल तर तो प्रवाह सूर्याप्रमाणे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत असला पाहिजे, अशी कल्पना करून अपघटनाचा घट त्या दिशेने ठेवावयाचा. मग सूर्य उगवतो त्या बाजूची वाट ती ‘ॲनोड’, म्हणजे वर जाणारी, आणि मावळतो त्या बाजूची ती ‘कॅथोड’, म्हणजे खाली जाणारी. विजेच्या स्वरूपाविषयी पुढे मते बदलली तरी शब्द खोटे ठरू नयेत, ही त्यामागील दृष्टी. एखाद्या संस्कृतज्ञाने त्या काळी ‘उदयपथ’ व ‘अस्तपथ’ असे शब्द केले असते तर ते मूळाला अधिक जवळचे झाले असते. आज ते सुचविणे मात्र हास्यास्पद होईल.

मराठीने दिशा सोडली आणि भार घेतला. विद्युत् अपघटनापुरते हे निभावते, कारण तेथे ॲनोड धन व कॅथोड ऋण असतो. घट वीज घेण्याऐवजी देऊ लागला की गणित उलटते. पदार्थविज्ञानाच्या पाठात कोरड्या घटातील ग्रॅफाइटच्या कांडीला ‘धन अग्र’ म्हणतात, आणि ते बरोबर आहे, कारण तिच्यावर धन भार असतो. परंतु ती कांडी कॅथोड आहे. रसायनाच्या पाठात ‘धनाग्र’ म्हणजे ॲनोड. एकाच वर्गातील एकाच विद्यार्थ्याला एकच शब्द दोन परस्परविरुद्ध अर्थांनी दिला जातो, आणि मग त्याचा गोंधळ झाला की तो बुद्धीने मंद ठरतो. हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या इंधनघटाविषयी मराठीत लिहिताना ॲनोडसाठी ‘धनाग्र’ लिहिले, तर ‘धनाग्र ऋण असते’ असे वाक्य लिहिण्याची पाळी येते.

कोणी म्हणेल, की इंधनघट वेगळा आणि अपघटनाचा घट वेगळा. प्रस्तुत विषयात तरी शब्द निर्दोष आहेत. तेही खरे नाही. कारखान्यातील घट सुटे नसतात. पुष्कळ पत्रे एकामागे एक रचून त्यांची चळत करतात, आणि मधल्या प्रत्येक पत्र्याचे एक अंग ॲनोड व दुसरे अंग कॅथोड असते. सूर्यप्रकाशावर वा वाऱ्यावर चालणारी वीज थांबली की ही चळत थांबते; परंतु पत्र्यांवर साठलेल्या रासायनिक अवस्थांमुळे सामाईक द्रावणमार्गांतून काही काळ उलटा प्रवाह वाहतो. त्या वेळी प्रत्येक घट लहानशा बॅटरीसारखा वागतो. हायड्रोजनच्या बाजूचा पत्रा ऋणच राहतो, पण त्याचे ऑक्सिडीभवन होऊ लागते, म्हणजे तो ॲनोड होतो. रोजच्या ह्या उलटसुलटीने मोठ्या कष्टाने तयार केलेले सच्छिद्र पृष्ठ झिजते. अपारंपरिक विजेवर चालणाऱ्या अल्कली घटांचा हा अत्यंत व्यावहारिक प्रश्न आहे, आणि तो मराठीत मांडावयाचा झाला तर प्रचलित परिभाषेत ‘ऋणाग्र हे ऋण असतानाच धनाग्र होते’ असे लिहावे लागेल. ज्या परिभाषेत विषयातील मुख्य अडचण सांगताच येत नाही, ती अपुरी म्हणून सोडून देता येत नाही. ती आडवी येते.

ह्याच विषयाभोवतीच्या इतर शब्दांपैकी दोहोंचा उल्लेख पुरे. जादा व्होल्टांना ‘अतिविभव’ वा ‘अधिविभव’ म्हटले जाते. विभव म्हणजे ऐश्वर्य. सामान्य वाचकाला वाटेल की काही तरी भरपूर मिळाले. वस्तुतः तो भुर्दंड आहे. ‘जादा विद्युत्दाब’ हा साधा शब्द काय वाईट आहे? दुसरा शब्द अधिक धोक्याचा. हिंदीतून आलेल्या मजकुरात ‘क्षारीय जल’ असे दिसते. हिंदीत क्षार म्हणजे अल्कली हे ठीक. मराठी पाठ्यपुस्तकांत मात्र क्षार म्हणजे आम्ल व आम्लारी ह्यांच्या संयोगाने झालेला पदार्थ, आणि बोलण्यात ‘पाण्यात क्षार आहेत’ म्हणजे विहिरीचे जड पाणी. अपघटनाच्या घटाला पुरवावयाचे पाणी क्षारमुक्त लागते. तेव्हा एका प्रांताचा शब्द दुसऱ्या प्रांतात तसाच आणला, तर यंत्र बिघडविणारी सूचना तयार होते.

नावांच्या बाबतीत मराठीची कामगिरी सर्वत्रच अशी नाही. ‘हायड्रोजन’ ह्याचा अर्थ पाणी उत्पन्न करणारा. जुन्या मराठी रसायनग्रंथांतील ‘उज्ज’ हा शब्द ‘उद’ आणि ‘ज’ ह्यांवरून लावला तर त्याचा अर्थ पाण्यातून जन्मलेला असा होतो. शब्दकाराने जन्यजनकभाव उलटा केला, असे कोणी म्हणेल; पण अपघटनाच्या घटापुरता तो सुलटाच आहे. तसेच ‘आयन’ हा शब्द. तो इंग्रजीतून उसना घेतलेला असला तरी त्याचे ग्रीक मूळ आणि संस्कृत ‘अयन’ ही दोन्ही ‘जाणे’ ह्या एकाच प्राचीन धातूची अपत्ये होत. उसना शब्द घरचाच निघावा, असा योग क्वचित् येतो.

मग करावे काय? ‘विद्युत्पृष्ठ’ असा शब्द पाडता येईल आणि तो फॅरडेच्या व्याख्येशी जुळेल. परंतु मराठीत पृष्ठ म्हणजे पुस्तकाचे पानही. शिवाय ‘विद्युत्पृष्ठाचे पृष्ठ’ असे लिहिण्याचा प्रसंग पहिल्याच परिच्छेदात येईल. नव्या संस्कृत घडणीचा हव्यासच येथे अस्थानी आहे. धातूला मुलामा देण्याच्या धंद्यात ‘ॲनोड’ हा शब्द वापरात आहे, आणि ‘बॅटरी’, ‘व्होल्ट’, ‘ऑक्सिजन’ हे शब्द ज्या भाषेने पचविले तिला ‘इलेक्ट्रोड’ जड जाण्याचे कारण नाही. परका शब्द निदान खोटे बोलत नाही. त्याचा अर्थ शिकावा लागतो इतकेच. धन व ऋण हे शब्द टाकून देण्याचेही प्रयोजन नाही. ते भारासाठी राखावेत, आणि ॲनोड व कॅथोड हे प्रवाहाच्या दिशेसाठी.

ह्याविरुद्ध एक आक्षेप सबळ आहे. ‘धनाग्र’ म्हटल्याबरोबर ग्रामीण भागातील विद्यार्थ्याला काही तरी समजते. ‘ॲनोड’ म्हटल्यावर काहीच समजत नाही. हा आक्षेप शिक्षकाच्या अनुभवातून आलेला आहे व तो उडवून लावता येणार नाही. पाठ्यपुस्तकातील रूढ शब्द एका फटक्यात बदलले तर जुन्या प्रश्नपत्रिका, जुने मार्गदर्शक आणि नवी पुस्तके ह्यांत मेळ राहणार नाही, हेही खरे. म्हणून शालेय पाठात ‘धनाग्र’ व ‘ऋणाग्र’ काही वर्षे राहिले तरी त्यांच्याशेजारी ‘ॲनोड’ व ‘कॅथोड’ छापावेत, आणि विद्युत् अपघटनाच्या पाठाबाहेर ते अर्थ लागू नाहीत हे तेथेच सांगावे. तंत्रशिक्षणाच्या व संशोधनाच्या लेखनात मात्र ही सवलत देता येत नाही. तेथे वर सांगितलेली अडचण अशी लिहिता यावी : ‘वीज थांबल्यावर हायड्रोजनकडील जाळी ऋण राहूनही काही काळ ॲनोड होते, आणि तिचे सच्छिद्र पृष्ठ ऑक्सिडीभवनाने झिजते.’ ह्या वाक्यात दोन परके शब्द आहेत, आणि अर्थ एकच आहे.